तेविसावा नियम

धुळ्याला डी.एड. करत असताना आम्ही चौघी एका खोलीत राहायचो आणि एकमेकींना गावाच्या नावाने हाक मारायचो. मी जळगाववाली. माझ्यासमोरच्या खाटेवर जामनेरवाली, खिडकीखाली एरंडोलवाली आणि दाराजवळ, जिथे उन्हाळ्यात थोडीफार हवा यायची, तिथे शिरपूरवाली. ती खरं तर शिरपूरचीही नव्हती. शिरपूरहून पुढे जीपने जावं लागायचं, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव होतं. पण रेक्टर मॅडमनी रजिस्टरमध्ये फक्त तालुका लिहिला आणि तिचं तेच नाव पडलं. माझ्या फोनमध्ये आजही तिघींचे नंबर याच नावांनी आहेत.

तेव्हा दुपारी भारनियमन असायचं. जेवून खोलीत यावं आणि पंखा थांबावा, हे रोजचं. अशाच एका दुपारी कॉलेजात लाइट गेली, उकाड्याने वर्गात कुणाचं लक्ष लागेना, तेव्हा नागरिकशास्त्राच्या सरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "एक खेळ असतो. त्यात नियम बदलणं हीच चाल." त्यांनी फळ्यावर आठ नियम लिहिले. आपली पाळी आली की एक नवा नियम सुचवायचा, किंवा जुना बदलायचा, किंवा खोडायचा. मग सगळ्यांनी हात वर करून मत द्यायचं. जास्त हात वर झाले तर नियम पक्का आणि सुचवणारीला पाच गुण. नियम बदलायचा नियमसुद्धा बदलता येतो, असं ते शेवटी म्हणाले आणि तास संपला.

वर्गातल्या बाकीच्या मुली ते त्याच दिवशी विसरल्या. एरंडोलवालीने मात्र पाठ टाचणाच्या वहीच्या मागच्या पानावर आठही नियम उतरवून घेतले होते. तिचे वडील गाद्या-रजया भरायचे आणि आमच्या खोलीतली सगळ्यात मऊ गादी तिची होती, म्हणून खेळायला आम्ही तिच्याच खाटेवर बसायचो. गुणांसाठी शिरपूरवालीने घरून चिंचोके आणले. जी आधी पन्नास चिंचोके जमवेल ती जिंकली, असं ठरलं होतं. पण कुणी पन्नासच्या जवळ आली की उरलेल्या तिघी आकडा वाढवायच्या. त्यामुळे दोन वर्षांत कुणीच जिंकलं नाही.

सुरुवातीचे नियम पोरकटच होते. गुरुवारी खोलीत सगळ्यांनी अहिराणीच बोलायचं, असा एक होता. मला अहिराणी समजायची, बोलता यायची नाही. त्यामुळे गुरुवारी मी बहुतेक गप्प असायची. जामनेरवालीची बोली वेगळीच. ती 'आहे'साठी अहिराणीतलं 'शे' म्हणायची आणि पुढचं सगळं वाक्य तिच्या घरच्या बोलीत संपवायची. शिरपूरवाली तेव्हा पोट धरून हसायची. एरवी ती फार बोलत नसे.

अकरावा नियम तिच्याच बाबतीत महत्त्वाचा ठरला. "मला जमणार नाही" असं जी म्हणेल तिने दोन चिंचोके द्यायचे, असा तो नियम. पुढच्याच आठवड्यात तिचा सराव पाठ होता. चौथीचा वर्ग, समोर पोरं, मागे बाकावर निरीक्षक मॅडम आणि आम्ही. प्रमाण भाषेत बोलताना ती अडखळली, पोरं हसली, तिच्या हातातला तक्ता खाली पडला. मॅडम म्हणाल्या, "हा पाठ परत घ्यावा लागेल. उद्या घेशील का?" तिने तोंड उघडलं. काय म्हणणार हे आम्हाला ठाऊक होतं. तिने आमच्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "घेते मॅडम."

संध्याकाळी खोलीत तिनेच विचारलं, "मी वर्गात ते म्हटलं असतं, तर चिंचोके द्यावे लागले असते का?"

"नाही," जामनेरवाली म्हणाली. "खेळ खोलीत आहे. वर्गात कसला नियम?"

एरंडोलवालीने वही उघडून अकरावा नियम वाचला. "यात 'खोलीत' असं कुठे लिहिलंय? गुरुवारच्या नियमात लिहिलंय. यात नाही."

"अगं, पण खेळ तो खेळ."

"मग मी म्हटलं नाही ते कशामुळे?" शिरपूरवालीने विचारलं.

एरंडोलवालीने वही मिटली. त्या दिवसापासून खेळाला वेगळंच वळण लागलं, एवढं खरं. प्रत्येक नियम सुचवताना आम्ही आधी विचारायचो, हा दाराबाहेर चालेल का?

तेविसावा नियम माझ्यामुळे झाला. मी हरायला लागले की "मी नाही खेळत जा" म्हणून उठायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा जामनेरवालीकडे ढीगभर चिंचोके झाले होते आणि मी नेहमीप्रमाणे चप्पल शोधायला लागले. तिची पाळी होती. तिने नियम सुचवला, "बाकीच्यांची संमती असल्याशिवाय कुणीही सोडून जायचं नाही." तीन हात वर झाले. मी चप्पल शोधणं सोडून परत खाटेवर बसले. काय सोडून जायचं नाही, हे लिहायचं राहून गेलं. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या वर्षी, थंडी सरता सरता, जामनेरवालीची आई जिन्यावरून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. घरात दोन भाऊ होते, एक तिच्याहून मोठा, एक धाकटा. पण आईला उठवणं-बसवणं, स्वयंपाक, धुणं हे भावांनी करायचं, असं तिथे कुणाच्या मनातही आलं नाही. तिला न्यायला वडील आले, ती त्यांना नाना म्हणायची. ते जामनेरच्या बाजार समितीत मापाडी होते. दिवसभर काट्यावर पोती चढवून माप बोलणारा माणूस, पण घसा बसलेला आणि बोलणं हळू. भेटीच्या खोलीत टोपी मांडीवर ठेवून ते बसले होते. दाखल्याच्या अर्जावर रेक्टर मॅडमची सही लागणार होती आणि त्या पंचायत समितीत गेल्या होत्या, दुपारी येणार होत्या.

वर खोलीत जामनेरवाली पेटी भरत होती. आम्ही तिघी तिच्याभोवती होतो. चादर घडी घालताना शिरपूरवाली म्हणाली, "तेविसावा."

"काय?"

"तेविसावा नियम. तू आम्हाला विचारलं नाहीस."

जामनेरवाली हसली, आणि हसता हसताच खाली बसली. डोक्यावरची ओढणी तोंडावर ओढून घेतली. मग म्हणाली, "विचारते. जाऊ का?"

"नाही," शिरपूरवाली म्हणाली.

"नाही," एरंडोलवाली म्हणाली. मग तिचं तिलाच पटेना. "पण तिचे वडील खेळात नाहीत. जो खेळात नाही त्याला आपला नियम कसा लागेल?"

शिरपूरवालीने यावर जे सांगितलं ते मला अजून आठवतं. तिच्या गावात काही तंटा झाला की सगळे झाडाखाली बसायचे. बोलणं दिवसभर चालायचं. जो आलाच नाही त्याच्यावर निवाडा लादायचे नाहीत, पुन्हा माणूस पाठवून त्याला बोलवायचे. "त्याला आणून बसवावं लागतं," ती म्हणाली. "बसला की मग तो आपल्यातला."

अशा रीतीने आम्ही चौघी वही आणि चिंचोके घेऊन खाली गेलो. आज आठवलं की मला आमच्या धिटाईचं नवल वाटतं. एरंडोलवालीने त्यांना सगळं समजावून सांगितलं, अगदी पहिल्या नियमापासून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बहुधा मॅडम येईपर्यंत वेळ काढायचा होता म्हणूनही असेल.

"म्हंजे मी बी नियम सांगू शकतो?" त्यांनी विचारलं.

"हो नाना. आधी आम्ही तुम्हाला खेळात घेतो."

चार हात वर झाले. नाना खेळात आले. पाळी त्यांनाच दिली.

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "तो तेवीस नंबरचा काढून टाका."

चाल अगदी नियमाला धरून होती. एरंडोलवालीने विचारलं, "काढायचा असं कुणाचं मत आहे?"

नानांनी हात वर केला. आणि मी केला.

मी तो का केला हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. त्यांच्या बंडीच्या खांद्यावर पोत्यांच्या सुतळीने झिजलेली जागा होती, तिच्याकडे मी बघत होते. पहाटेची एसटी धरून आलेला, घरी बायको खाटेवर पडलेली असा माणूस समोर बसलेला असताना त्याला नाही म्हणणं मला जमेना. मोठ्या माणसासमोर हात खाली ठेवायची सवयही नव्हती. शिरपूरवालीने माझ्याकडे पाहिलं.

"ठेवायचा असं कुणाचं?" शिरपूरवाली आणि एरंडोलवालीने हात वर केले. दोन विरुद्ध दोन. उरली जामनेरवाली. ती भिंतीला टेकून उभी होती. तिने वडिलांकडे न बघता हात वर केला. फार वर नाही, खांद्यापर्यंत.

नाना म्हणाले, "हे तू खेळातलं म्हनून राहिली का खरं?"

"आधी खेळातलं म्हणते, नाना," ती म्हणाली.

"आन् घरी तुह्या मायले पानी कोन देईन? चूल तं काही तुमच्या खेळात नाही."

नियम टिकला होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता, असं मला तेव्हा वाटलं. थोड्या वेळाने मॅडम आल्या, नाना उठून त्यांच्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा पेटी त्यांनीच उचलली. जामनेरवाली गेली. फाटकापर्यंत आम्ही सोबत गेलो, ती रिक्षात बसली, मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी रेक्टर मॅडम राउंडला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तिच्या वडिलांनी दाखला नेला नाही. रजेचा अर्ज दिलाय. म्हणाले, पोरीचं नाव काढू नका."

आम्ही तिघी दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे गेलो. हजेरी कमी पडली तर तिला परीक्षेला बसता येणार नव्हतं. एरंडोलवालीने त्यांना विचारलं, "सर, हा हजेरीचा नियम बदलायचा असेल तर कुठे सांगायचं?" ते भले माणूस होते, रागावले नाहीत. म्हणाले, "पुण्याला." आम्ही पुण्याला एक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. त्या खेळात आम्हाला कुणी बसवून घेतलेलं नव्हतं.

खोलीत एक खाट रिकामी राहिली आणि माझा स्वभाव बिघडला. मी चिडचिड करायची, कुणी हसलं तरी मला राग यायचा. नानांसमोर वर गेलेला हात मनातून जात नव्हता. मार्चमध्ये एरंडोलवाली म्हणाली की परीक्षेपर्यंत ती धुळ्यातच राहणाऱ्या तिच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायला जाणार आहे, तिथे अभ्यासाला शांतता आहे. मी म्हटलं, "आमची संमती नाही. तेविसावा नियम."

तिने पुस्तकं पिशवीत भरता भरता हात थांबवला. "नानांसमोर हा नियम काढायला तूच हात वर केला होतास ना?"

मी माझी चादर झटकायला लागले.

"तेव्हा तो तिच्या कामाचा होता. तेव्हा नको होता तुला. आता माझ्या वाटेत आडवा घालायला पाहिजे." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "धरून ठेवायला नियम लागत असेल तर मग मी इथे कशाला राहू?"

ती खालाकडे गेली. पंधरा दिवस आम्ही कॉलेजात एकमेकींशी बोललो नाही. शिरपूरवाली दोघींच्या मध्ये बसायची आणि दोघींना स्वतःच्या डब्यातली कळण्याची भाकरी द्यायची. त्या पंधरा दिवसांत मला जे कळलं ते साधंच होतं, पण मला ते कुणी शिकवलं नव्हतं. ज्या नियमाने एकीला बोलायला तोंड मिळालं, त्याच नियमाने मी दुसरीचं तोंड बंद करू पाहिलं होतं. नियमाचे शब्द तेच होते, एकाही अक्षराचा फरक नव्हता.

सोळाव्या दिवशी मी तिच्या खालाच्या घरी गेले. खालाने चहा दिला, आम्हाला ओट्यावर बसवलं आणि आत गेली. मी काही बोलायच्या आत एरंडोलवालीने वही काढली. "माझी पाळी आहे," ती म्हणाली. "तेविसावा बदलायचा. जिला जायचं तिने जावं, विचारायची गरज नाही. पण वर्षातून एकदा सगळ्यांनी भेटायचं." मी हात वर केला. शिरपूरवालीचं मत तिने आधीच घेऊन ठेवलं होतं. जामनेरला पोस्टकार्ड टाकलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, त्यात दोन ओळी होत्या: "माझा हात वर. नानांचापण."

जामनेरला काय चाललं होतं ते आम्हाला जूनमध्ये कळलं, ती परत आली तेव्हा. तिचं वर्ष गेलं होतं. आमच्या परीक्षा झाल्या होत्या, ती पुढच्या तुकडीबरोबर बसणार होती. आम्ही दाखले न्यायला आलो होतो. फाटकाजवळच्या रसवंतीत तिने सगळं सांगितलं.

घरी गेल्यावर महिनाभर ती एकटीच राबली. नाना तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. एकदा दुपारी ताटं वाढलेली, दोघं भाऊ जेवायला बसलेले, ती आईला कुशीवर वळवून आली आणि पाणी पाहिजे म्हणून मोठ्या भावाने हाक मारली. तेव्हा नाना म्हणाले, "थांबा. माही पाळी हाये."

भावांना काही समजेना. नानांनी नियम सांगितला: जो या घरात जेवतो त्याने दिवसातलं एक काम उचलायचं. मग त्यांनी मतं घेतली. नाना, ती आणि खाटेवरून आई, असे तीन हात वर झाले. मोठा भाऊ म्हणाला, "हे काय पोरखेळ लावलेत?" नाना म्हणाले, "तुले काढायचा असंन तं तुही पाळी आली की सांग. तवपर्यंत पानी तू भर."

"आणि भरलं त्याने?" मी विचारलं.

"भरलं. धाकट्याने भाकरी शिकायला घेतली. पहिल्या आठ दिवसांत काय काय खाल्लंय आम्ही, विचारू नका." ती हसत होती. "मोठ्याने पाळी आल्यावर नियम काढायला सांगितला. आईनेच पाडला त्याचा ठराव. झोपल्या जागेवरून."

आई काठी घेऊन चालायला लागल्यावर तो नियम हळूहळू सैल झाला, हेही तिने पुढे एका भेटीत सांगितलं. मोठ्याचं लग्न झालं आणि पाणी वहिनीकडे गेलं. धाकटा मात्र अजून भाकरी करतो. पण ती परत आली ती त्या मधल्या तीन महिन्यांमुळे. घर तिच्यावाचून चालू शकतं हे सगळ्यांना, तिला स्वतःलाही, दिसलं.

मी माझ्या सासरीही हा खेळ एकदा लावून पाहिला, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, जळगावला. सासऱ्यांनी मोठ्या उत्साहाने भाग घेतला आणि पहिल्याच पाळीला नियम सुचवला की त्यांचं मत चार मतांच्या बरोबरीचं. सगळ्यांनी हसत हसत हात वर केले. खेळ तिथेच संपला. नंतर मी तो कधी काढला नाही. घरातल्या गोष्टी मी दुसऱ्या मार्गांनी मिळवल्या, काही मिळाल्या नाहीत.

शिरपूरवाली आता त्याच पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. जामनेरवाली एका खाजगी शाळेत शिकवते. एरंडोलवालीने शिकवणं सोडलं, ती वडिलांचं गाद्यांचं दुकान बघते आणि शाळेत असती त्यापेक्षा तिथे जास्त माणसांना शिस्त लावते. मी जळगावातल्या एका वाचनालयात आहे. वर्षातून एकदा भेटायचा नियम आम्ही दोनदा मोडला. एकदा माझ्या बाळंतपणात, आणि एकदा सगळं बंद होतं तेव्हा. बाकी प्रत्येक वर्षी भेटलो. कधी धुळ्यात पांझरेकाठी, कधी एरंडोलला तिच्या दुकानाच्या माडीवर, रजयांच्या थप्प्यांना टेकून. नवऱ्यांना, सासवांना, मुख्याध्यापकांना हे कारण सांगणं सोपं नसतं. कुणी विचारलं की जामनेरवाली म्हणते, "नियम आहे," आणि पुढे काही सांगत नाही. लोक ते कशाचा तरी सरकारी नियम समजतात.

यंदा आम्ही पद्मालयाला भेटलो. तळ्यात कमळं होती, माकडांनी आमचा चिवडा पळवला. शिरपूरवालीने पहिल्यांदाच तिच्या मुलीला आणलं होतं, माझीही मुलगी सोबत होती. दोघी सातवी-आठवीतल्या. त्या पायऱ्यांवर बसून मोबाइलमध्ये काहीतरी बघत होत्या. शिरपूरवाली म्हणाली, "माझी पाळी. या दोघींना आत घ्यायचं. आपल्यानंतर कोण भेटेल मग?"

जामनेरवालीने लगेच हात वर केला. मीही करणार होते. एरंडोलवालीने माझं मनगट धरलं.

"त्यांना विचारलंस?" तिने शिरपूरवालीला विचारलं.

"माझी मुलगी आहे. नाही कशाला म्हणेल?"

"म्हणूनच विचारते."

शिरपूरवाली थोडी नाराज झाली. मग उठून पायऱ्यांकडे गेली. दोघी मुलींसमोर उकिडवी बसून ती बराच वेळ काहीतरी समजावत होती, हातवारे करत. आम्हाला ऐकू येत नव्हतं. माझी मुलगी मध्येच काही विचारत होती. तिच्या मुलीने मोबाइल बाजूला ठेवला होता.

परत आली तेव्हा आम्ही तिघींनी एकदम विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणतात, आधी सगळे नियम वाचून दाखवा," शिरपूरवाली म्हणाली. "मग सांगतील."